'शीळ' : कविता, कंठ आणि तबकडी

१

कवितेचा छापील पाठ हाच तिचा प्रमाण पाठ, आणि तिचे गायन हे त्या पाठाचे केवळ अलंकरण, अशी समजूत मराठी समीक्षेत दीर्घकाळ रूढ आहे. जी कविता आधी ग्रंथात आली आणि मागाहून गायिली गेली, तिच्यापुरती ही समजूत चालून जाते. परंतु जी कविता ग्रंथरूप धारण करण्यापूर्वीच तबकडीवरून घरोघरी पोहोचली, तिच्या बाबतीत हा क्रम उलटा होतो, आणि समीक्षेलाही आपली पद्धत तपासून पाहावी लागते. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही अशा कवितांपैकी सर्वांत ठळक होय.

नागोराव घनश्याम देशपांडे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९०९ रोजी बुलढाणा जिल्ह्यातील सेंदुरजन या गावी झाला. पैनगंगेच्या काठच्या मेहकर येथे त्यांनी वकिली केली आणि आयुष्याचा फार मोठा भाग तेथेच व्यतीत केला. १० मे २००० रोजी ते निवर्तले. 'शीळ' हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह १९५४ साली प्रसिद्ध झाला. मात्र ज्या कवितेवरून त्याचे नाव पडले, ती कविता १९३०च्या दशकाच्या आरंभीच जी. एन. जोशी यांच्या कंठातून 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकडीवर उतरली होती. मराठी भावगीताच्या इतिहासाचा आरंभ बहुधा याच तबकडीपासून सांगितला जातो. तबकडी आणि संग्रह यांच्यामध्ये दोन दशकांहून अधिक काळ लोटला. या काळात महाराष्ट्रातील असंख्य श्रोत्यांनी 'शीळ' ऐकली होती, आणि त्यांतील बहुतेकांनी ती कधी वाचली नव्हती.

ही हकीकत सर्वपरिचित आहे, आणि वाङ्मयेतिहासात ती कवीच्या लोकप्रियतेचा पुरावा म्हणून नोंदविलीही जाते. ध्वनिमुद्रणाच्या प्रक्रियेने या कवितेचे काय केले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारल्यास असे दिसून येईल की, तबकडी ही 'शीळ'ची प्रत नसून तिचा एक स्वतंत्र पाठ आहे. त्या पाठाने कवितेला काही दिले, तसेच कवीकडून काही घेतलेही.

२

प्रथम कवितेकडे वळणे योग्य होईल. 'शीळ'मध्ये बोलणारी स्त्री आहे. रानात घुमणारी शीळ तिने ऐकली आहे, आणि तिच्या मनात जे उठले आहे ते ती कधी सखीला, तर कधी शीळ घालणाऱ्या त्या सख्यालाच उद्देशून सांगते. वेळकाळ न पाहणाऱ्या त्या पुरुषाला ती बोल लावते. पण त्या बोलातच तिचे गुंतणे उघड होते, आणि तिची उपमा सहजच कृष्णाकडे वळते. कवितेची घटना एवढीच आहे. दोघांची भेट घडल्याचे वर्णन येत नाही. येतो तो केवळ ध्वनी, आणि त्या ध्वनीचा ऐकणारीवर झालेला परिणाम.

'शीळ' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक ओठांनी घातलेली शिट्टी, आणि दुसरा शील, म्हणजे वर्तन व चारित्र्य. कवीने हे दोन्ही अर्थ एकाच यमकाच्या घरात आणून बसविले आहेत. ज्या ध्वनीने स्त्रीच्या मनाचा तोल जातो, त्याच ध्वनीच्या नावात कुळाच्या मर्यादेची आठवण आहे. हा श्लेष डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. छापील पानावर दोन शब्द दोन ओळींत वेगवेगळे उभे राहतात. गायनात मात्र ध्रुपद फिरून फिरून येते आणि प्रत्येक फेरीत एका अर्थाची सावली दुसऱ्यावर पडते.

कवितेची भाषाही विचारात घेण्यासारखी आहे. 'वेळ'चे 'येळ' आणि 'वेडा'चे 'येडा' करणारा ग्रामीण उच्चार कवीने जाणूनबुजून स्वीकारला आहे. वऱ्हाडच्या बोलीत वाढलेल्या कानाला तो अगदी घरचा वाटतो. पानावर हा उच्चार म्हणजे लेखनातील एक वेगळेपण, एक खूण असते. पुण्यामुंबईच्या वाचकाला ती ओळखून मनात उच्चारावी लागते. गायकाच्या कंठात मात्र ती खूण उरत नाही. तो सरळ त्या स्त्रीचा उच्चार होतो.

तेव्हा, 'शीळ' ही मुळातच श्रवणाविषयीची कविता आहे. ज्याचा उगम दिसत नाही असा एक ध्वनी दुरून येतो, आणि ऐकणारा त्या ध्वनीवरून एक संपूर्ण माणूस मनात उभा करतो. ग्रामोफोनपुढे बसलेल्या श्रोत्याची अवस्था याहून निराळी नव्हती. त्याच्याही कानी एक कंठ येत होता, आणि त्या कंठाचा धनी त्याला दिसत नव्हता. कवितेचा आशय आणि तिच्या प्रसाराचे साधन यांची अशी जुळणी क्वचितच घडते.

३

आता ध्वनिमुद्रणाच्या प्रक्रियेकडे पाहू. हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग याने केला. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना सुरू झाला. आरंभीच्या सुमारे पाव शतकात मुद्रण कर्ण्याच्या साहाय्याने होत असे. गायकाने मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गावयाचे. त्याच्या आवाजाच्या जोरानेच कर्ण्याच्या टोकाचा पडदा हलावयाचा, आणि त्या पडद्याला जोडलेली कोरणी फिरत्या मेणाच्या चक्तीवर खाच पाडावयाची. या सर्व यंत्रात विजेचा भाग नव्हता. कोरण्याचे काम गायकाच्या श्वासालाच करावे लागे. त्यामुळे जो आवाज भरदार, चढा आणि रोखलेला असेल तोच नीट उतरे. हळू, घरगुती, पुटपुटल्यासारखा स्वर मेणापर्यंत पोहोचतच नसे.

कर्ण्याची दुसरी मर्यादा ध्वनीच्या पल्ल्याची होती. सेकंदाला साधारणतः अडीच हजारांहून अधिक कंपने असलेले ध्वनी त्यात फारसे टिकत नसत. मराठीतील 'श', 'स' यांसारख्या ऊष्म व्यंजनांची ओळख पटविणारा ध्वनी बऱ्याच अंशी या मर्यादेच्या पलीकडे असतो. म्हणून कर्ण्याच्या काळातील तबकड्यांत स्वर कळतो, पण शब्द पुष्कळदा चाचपडावा लागतो. ज्या कवितेचे नावच 'श'ने आरंभ होते आणि जिच्या ध्रुपदाच्या टोकाला तो शब्द पुन्हा पुन्हा यावयाचा आहे, ती कर्ण्याच्या काळात मुद्रित झाली असती, तर तिचा कणाच ढिला झाला असता, असे म्हणावयास हरकत नाही.

१९२५ साली पाश्चात्त्य देशांत विद्युत्-ध्वनिमुद्रण प्रचारात आले, आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते हिंदुस्थानातही रुळले. मायक्रोफोन आवाजाचे विद्युत्-स्पंदनांत रूपांतर करी. ती स्पंदने वाढवून कोरणीकडे पाठविली जात. आता कोरण्याचे श्रम यंत्राचे होते. पल्लाही सुमारे पाच हजार कंपनांपर्यंत गेला. परिणामी गायकाला ओरडण्याची गरज उरली नाही, आणि व्यंजने आपल्या जागी स्पष्ट उभी राहू लागली. 'शीळ' ध्वनिमुद्रित झाली ती या बदलानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. हा योगायोग असला, तरी त्याचे फळ वाङ्मयीन आहे.

मेणाच्या चक्तीवर कोरलेले गाणे त्याच वेळी वाजवून पाहिल्यास ती चक्ती खराब होई. म्हणून जे कोरले गेले ते बहुधा न ऐकताच पुढे जावयाचे. मध्येच चूक झाली, तर मेण तासून पुन्हा आरंभ करावा लागे. एखादी ओळ नंतर वेगळी गाऊन जोडण्याची सोय नव्हती. मेणावरून धातूचे ठसे घेतले जात आणि त्या ठशांखाली लाखेच्या मिश्रणाच्या तबकड्या दाबून काढल्या जात. मध्यप्रांत आणि छोटा नागपूरच्या रानांत मिळणारी लाखच या उद्योगाचा कच्चा माल होती.

दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई, आणि तिच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गायन मावे. ही मर्यादा कवितेच्या रचनेवर थेट परिणाम करणारी होती. कडवी किती गावयाची, ध्रुपद किती वेळा घ्यावयाचे, आलापीला जागा द्यावयाची की शब्दाला, याचा निर्णय आधीच करावा लागे. रंगभूमीवरच्या पदाला 'वन्समोअर' मिळाला म्हणजे ते पाच मिनिटांचे पंधरा मिनिटांचे होई. मैफलीतील ख्यालाला घड्याळच नसे. तबकडीत मात्र पसरट विस्ताराला वाव नव्हता. आखीव कडव्यांची, फिरून येणाऱ्या ध्रुपदाची आणि एकाच भावावर स्थिर राहणारी कविता ही या चौकटीला मनाजोगी वस्तू होती. भावगीताचा आकार कवींनी ठरविला, ही गोष्ट खरी. पण तो टिकविला तबकडीच्या व्यासाने, हेही तितकेच खरे आहे.

४

ध्वनिमुद्रणापूर्वी मराठीत कविता गायिली जात नव्हती, असे नाही. भा. रा. तांबे यांच्या कवितेत गेयता अंगभूत आहे. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने काव्यगायनाची प्रथा सभांतून लोकप्रिय केली. पण सभेतील काव्यगायन हे समोर बसलेल्या समुदायासाठी होते. कवी दिसे, त्याची मुद्रा आणि हातवारे दिसत, आणि त्याच्या आवाजाला दालनाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जावे लागे. नाट्यसंगीताचीही गरज तीच होती. 'शीळ'च्या तबकडीने ही गरजच नाहीशी केली. तिचा श्रोता गायकापासून हातभर अंतरावर असल्यासारखा होता, कारण मायक्रोफोन तसा होता. कवितेतील स्त्री जे सखीच्या कानाशी बोलते, ते आता खरोखरच कानाशी बोलता येऊ लागले. भावगीताची जी आत्मीयता पुढे त्याचे लक्षण मानली गेली, ती केवळ वृत्तीची निर्मिती नव्हे. मायक्रोफोनपासूनच्या त्या अंतराचाही तीत वाटा आहे.

याच ठिकाणी आणखी एका गोष्टीचा विचार करणे अगत्याचे आहे. कवितेत बोलणारी स्त्री आहे, आणि तबकडीवर गाणारा पुरुष आहे. मराठी श्रोत्याला यात विसंगती वाटली नाही, याची कारणे परंपरेत आहेत. वारकरी कीर्तनकार गौळण गातो तेव्हा गोपीचे बोलणे पुरुषकंठातूनच येते. रंगभूमीवर बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकांना जे गायन दिले, त्याने तर एका पिढीचा कान घडविला होता. मात्र रंगभूमीवरील गायनाच्या पाठीशी वेश, चाल आणि मुरडलेली मान यांचे साहाय्य होते. तबकडीवर त्यांतले काहीच नव्हते. येथे पुरुषकंठाने स्त्रीचे सोंग घ्यावयाचे नव्हते, तर तिचे शब्द सरळ सांगावयाचे होते. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात दोन कंठ एकदम जागे होत: शीळ ऐकणारी स्त्री, आणि कदाचित शीळ घालणारा तो स्वतःच. तिचा बोल त्याच्याच तोंडून यावा, हा अर्थ छापील पाठात नाही. तो तबकडीने दिला आहे. जे पाठाला नवा अर्थ देते त्याला पाठाची प्रत म्हणणे युक्त नव्हे.

५

माध्यमातील ध्वनीचे कार्य कोणते, या व्यापक प्रश्नाच्या दृष्टीने 'शीळ'शेजारी त्याच दशकातील एक चित्रपट ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी 'प्रभात'साठी १९३७ साली 'कुंकू' दिग्दर्शित केला. या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरलेले नाही. घरातील आणि रस्त्यावरील नैसर्गिक ध्वनींवरच दिग्दर्शकाने प्रसंगांचा भाव सोपविला आहे. भिंतीवरचे घड्याळ हे तर त्यात जरठ नवऱ्याच्या आयुष्याचे प्रतीकच होऊन बसते. बोलपट मराठीत अवतरून अवघी पाच वर्षे झाली असताना, ध्वनी म्हणजे संगीत नव्हे, हे 'कुंकू'ने ओळखले.

तबकडीचा मार्ग याच्या नेमका उलट होता. मुद्रणगृहात बाहेरचा ध्वनी येऊ नये यासाठीच सारा खटाटोप असे. पाखरू नाही, वारा नाही, झऱ्याची झुळझुळ नाही. 'शीळ'मध्ये रान आहे, पण ते सर्वस्वी शब्दाने आणि स्वराने उभे करावयाचे होते. आज एखाद्या नभोनाट्यासाठी वा लघुपटासाठी हीच कविता घेतली, तर ध्वनियोजक पहिल्या प्रथम रानाचा आवाज शोधील, आणि बहुधा एक खरी शीळही शोधून काढील. तसे करणे गैर नाही. पण त्या क्षणी कवितेचा गाभा हलतो, याची जाणीव ठेविली पाहिजे. कवितेतील शीळ त्या स्त्रीने आधीच ऐकलेली आहे, आणि ती आता तिच्या आठवणीत घुमत आहे. श्रोत्याला ती प्रत्यक्ष ऐकविली की, तिचे ऐकणे आणि आपले ऐकणे एक होते, आणि मधले अंतर, जे विरहाचे अंतर आहे, पुसले जाते. 'कुंकू'मध्ये घड्याळाचा आवाज ऐकविणे आवश्यक होते, कारण तो कथेच्या वर्तमानात होता. 'शीळ'मध्ये शीळ न ऐकविणे आवश्यक आहे, कारण ती भूतकाळात आहे. कोणता ध्वनी घ्यावयाचा हा ध्वनियोजनेतील अर्धा प्रश्न आहे. कोणता टाळावयाचा हा उरलेला अर्धा.

६

तबकडीने जे दिले त्याची मोजदाद झाली; तिने जे घेतले त्याचीही झाली पाहिजे. नागपूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले ते १९४८ साली. त्यापूर्वीच्या काळात मेहकरसारख्या गावच्या कवीचा शब्द प्रांताबाहेर नेणारे, विजेवाचून चावीवर चालणारे ग्रामोफोन हे मोठेच साधन होते. मध्यप्रांत-वऱ्हाडात, पुण्यामुंबईच्या वाङ्मयीन वर्तुळांपासून दूर राहणाऱ्या कवीला त्याने एका झटक्यात सर्व महाराष्ट्राचा केले. परंतु तबकडी ही बाजारात गायकाच्या नावाने ओळखली जाते, आणि गाणे त्याच्या पहिल्या शब्दांनी. कवीचे नाव या दोहोंच्या मागे पडते. 'शीळ' पाठ असलेल्या कितीतरी श्रोत्यांना तिचा कवी कोण, हे ठाऊक नसे. जी. एन. जोशी पुढे त्याच कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले, आणि 'स्वरगंगेच्या तीरी' या ग्रंथात त्यांनी त्या व्यवसायाच्या आठवणी लिहून ठेविल्या. गायकाचा आणि कंपनीचा इतिहास अशा रीतीने नोंदला गेला. मेहकरच्या वकिलाच्या वाट्याला एका गाण्याची कीर्ती आली.

ही कीर्ती पुढे अडचणीची ठरली. 'अभिसार' १९६३ साली आला. 'खूणगाठी' १९८५ साली आला, आणि त्यास १९८६चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. मेहकरच्या एका जुन्या वास्तूचे नाव धारण करणारा 'कंचनीचा महाल' १९९६ साली आला. पंचाहत्तरी ओलांडल्यावर ज्याच्या संग्रहाला अकादमीची मान्यता मिळते, त्या कवीला केवळ एका तरुणपणीच्या गीताचा कर्ता समजणे हा वाङ्मयीन अन्याय आहे. पण तबकडीवर स्थिर झालेली चाल इतकी प्रभावी असते की, ती त्या कवितेच्या इतर वाचनांनाच नव्हे, तर त्या कवीच्या इतर कवितांनाही झाकून टाकते. 'शीळ' आज पानावरून वाचणाऱ्याला ती चाल टाळून वाचता येणे कठीण आहे. जी संदिग्धता मौनवाचनात जिवंत राहिली असती, तिला गायकाने एका विशिष्ट लयीत बांधून टाकले आहे.

मग उपाय कोणता? तबकडी दुर्लक्षून छापील पाठाकडे परत जाणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास दोन दशके या कवितेचे जे जीवन होते तेच नाकारल्यासारखे होईल. तबकडीलाच कविता मानणे हाही उपाय नव्हे. योग्य मार्ग हा की, दोन्ही पाठ समोरासमोर ठेवून त्यांतील भेद नोंदवावेत. संतवाङ्मयाचा अभ्यासक दोन हस्तलिखितांतील पाठभेद ज्या काळजीने पाहतो, त्याच काळजीने गायकाने कोणता स्वर लांबविला, श्वास कोठे घेतला, कोणत्या शब्दावर जोर दिला आणि कोणते ध्रुपद किती वेळा घेतले, हे पाहिले जावे. ध्वनिमुद्रणाच्या तंत्राचे ज्ञान त्यासाठी आवश्यक आहे. अन्यथा यंत्राने लादलेली मर्यादा आणि गायकाने केलेली निवड यांची गल्लत होईल. गाणे तीन मिनिटांत संपते हा जोशींचा निर्णय नव्हे. पण त्या तीन मिनिटांत शब्दाला तानेपेक्षा वरचढ स्थान मिळते, हा त्यांचा निर्णय आहे, आणि तो एका कवितावाचकाचा निर्णय आहे.

अशा अभ्यासाची निकड कालाबरोबर वाढत आहे. लाखेची तबकडी ठिसूळ असते. प्रत्येक वादनात पोलादी सुई तिच्या खाचेतून थोडा थोडा स्वर खरवडून नेते. नव्या साधनांवर तिचे जे पुनर्मुद्रण होते, त्यात खरखर घालविण्याच्या प्रयत्नात वरच्या पट्टीतील ध्वनीही गाळले जातात, आणि ज्या 'श'साठी मायक्रोफोनची वाट पाहावी लागली होती तोच पुन्हा बोथट होतो. देशपांडे यांच्या समग्र कवितेची चिकित्सक आवृत्ती जेव्हा सिद्ध होईल, तेव्हा तिच्या संपादकाला १९५४च्या संग्रहाबरोबर मूळ तबकडीचाही पाठ घ्यावा लागेल, आणि तो घेण्यासाठी वाचण्याच्या जोडीला ऐकण्याची शिस्त अंगी बाणवावी लागेल.